आधी पाणी बघा, मग तिकीट काढा : सांगलीतून ऱ्हाईनची बोट ठरवताना

पावसाळा आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकच विषय, आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फूट. सकाळी ३१, दुपारी ३३ फूट ४ इंच, कोयनेचे दरवाजे अजून उचलले, वारणेचं पाणी हरिपूरला तुंबलंय, असं दर तासाला कोण ना कोण टाकतच असतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं ते तर कोण विसरणारच नाही. एवढी नदी वाचता येणारी माणसं आपण, आणि मी २०२२ च्या ऑगस्टात ऱ्हाईन नदीवर आठवड्याची क्रूझ बुक केली तेव्हा तिथं पाणी किती आहे हे एकदा पण बघितलं नाही.

त्या वर्षी युरोपात दुष्काळ होता. ॲमस्टरडॅमला मी आणि बायको जहाजात बसलो, कोलोनपर्यंत मजेत आलो, आणि रात्री जेवण झाल्यावर मॅनेजर माईक घेऊन उभा राहिला की उद्या सकाळी सातला बॅगा भरून दाराबाहेर ठेवा, पुढं पाणी नाही, बसनं जायचंय, वरच्या बाजूला आपलं दुसरं जहाज उभं आहे. बस गेली डोंगरावरच्या हायवेनं. ज्या ६५ किलोमीटरसाठी आम्ही एवढे पैसे घातले होते ते किल्ले, ती खिंड, ती द्राक्षाची उतरणीवरची शेतं, सगळं खाली दरीत राहिलं आणि आम्ही खिडकीतून पवनचक्क्या बघत गेलो. पवनचक्क्या बघायला आपल्याला चाळकेवाडी होती की. पैसे परत मागितले तर कंपनीनं अटींचा कागद पुढं केला, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं की पाणी कमी-जास्त झालं तर मार्ग बदलू, जहाज बदलू, बसनं नेऊ. सही माझीच. इथल्या एजंटानं पण हात वर केले, नाव घेत नाही, रोज भेटतो.

मग २०२४ च्या मे महिन्यात आईला घेऊन परत गेलो, यावेळी सगळं स्वतः ठरवून, आणि निम्म्याच्या निम्म्या खर्चात तोच पट्टा बोटीनं बघितला, तो पण दोनदा. तेव्हापासून मार्केट यार्डात कोण ना कोण विचारतं की परदेशात नदीवरची बोट ट्रिप करायचीय, कसं करायचं. दरवेळी चहा सांगून तास घालवण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात आधी नदी कशी वागते ते बघा. ऱ्हाईनला आल्प्सच्या बर्फाचं पाणी येतं, त्यामुळं आपली कृष्णा मे महिन्यात आटलेली असते तेव्हा ती साधारण भरलेली असते, बर्फ वितळत असतं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पाणी उतरतं. म्हणजे आपल्या बरोबर उलटं. त्यात अजून एक गोष्ट अशी की जर्मनीत इफेत्झहाइम म्हणून गाव आहे, तिथून खाली थेट समुद्रापर्यंत नदीवर एक पण लॉक नाही. लॉक म्हणजे पाणी अडवून जहाज वर-खाली करायची दारं. वरच्या भागात अशी दारं असल्यामुळं पाणी कमी-जास्त झालं तरी पातळी धरून ठेवता येते, खाली मात्र जेवढं येईल तेवढंच. आणि सगळ्यात सुंदर जो भाग, बिंगेन ते कोब्लेन्झ, तो नेमका या मोकळ्या नदीत आहे, तळाला खडक, मधी काउब नावाचं छोटं गाव. काउबला पाणी कमी झालं की अख्ख्या ऱ्हाईनवरची वाहतूक लंगडते. तिथल्या लोकांना काउब म्हणजे आपल्याला आयर्विन.

काउबची पातळी जर्मन सरकारच्या जलमार्ग खात्याच्या साईटवर फुकट दिसते, पेगेलऑनलाइन आणि एल्विस अशा दोन साईट आहेत, जर्मन येत नसलं तरी आकडा आकडाच असतो. फक्त एक समजून घ्या, तिथला शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. काउबला ७८ सेंटिमीटर दाखवत असेल तर जहाजाच्या वाटेत त्याच्यापेक्षा मीटरभर जास्तच खोली असते. पण ७८ च्या आसपास त्यांची कमी पाण्याची रेघ आहे, त्याच्या खाली गेलं की मोठ्या जहाजांची तारांबळ चालू. २०१८ च्या ऑक्टोबरात ते २५ वर गेलं होतं, तो नीचांक. आम्ही गेलो त्या ऑगस्टात तिशीच्या आसपास खेळत होतं, नदीच्या मधी बेटावर जो किल्ला आहे तिथं लोक चालत जाऊन फोटो काढत होते, हे मला नंतर बातम्यांत कळलं. आणि उलट बाजूनं ४ मीटर ६० च्या वर गेलं की जहाजांवर वेगाचे नि बाकीचे निर्बंध येतात, ६ मीटर ४० ला वाहतूक बंद. जास्त पाण्यात अजून एक भानगड, पुलाखालून जहाज जात नाही. पाणी वर आलं की पूल खाली येतो, हे सांगलीकराला समजवायला नको.

डॅन्यूब ही तिकडची दुसरी मोठी नदी, तिचं पण असंच आहे, तिच्यावर लॉक बरेच आहेत पण मधेमधे मोकळे तुकडे आहेत, बव्हेरियात स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा एक नाजूक तुकडा. आणि पूर येतो तेव्हा असा येतो की विचारू नका. पासाउ नावाचं गाव आहे, डॅन्यूब, इन आणि इल्झ असा तीन नद्यांचा संगम, बरेच क्रूझ तिथूनच सुटतात. त्यांच्या टाऊन हॉलच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा रंगवल्यात, सगळ्यात वर १५०१, त्याच्या खाली २०१३. त्या २०१३ च्या जूनमधे १२ मीटर ८९ झालं होतं. आपल्या गावभागात घरांच्या भिंतींवर २००५ आणि २०१९ च्या रेघा आहेत तशाच. 

मग जायचं कधी? माझं मत मे, फार तर जूनचा पहिला पंधरवडा. पोरांच्या सुट्टीत बसतं, दिवस रात्री नऊपर्यंत मावळत नाही, हवा आपल्या डिसेंबरसारखी, आणि पाणी बहुतेक वर्षी ठीक असतं. बहुतेक म्हणालो कारण २०२५ ला एप्रिलमधेच ऱ्हाईन उतरली होती, पाऊसच नव्हता. म्हणून महिना ठरवून गप्प बसायचं नाही, जायच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा काउब बघायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं काढायचा हंगाम असतो, गावोगाव वाईनचे उत्सव, डोंगर पिवळे झालेले, तासगावकडच्या बागायतदारांना तेव्हाच जावंसं वाटेल आणि बरोबर आहे, बघण्यासारखंच असतं, उभ्या कड्यावर दोरीनं लटकल्यागत बाग लावलीय, आपल्याकडं असल्या रानात शेळी पण सोडणार नाही. पण मग मोठ्या जहाजाचं बुकिंग नको, खाली सांगतो ती दुसरी पद्धत वापरा.

पद्धती दोन आहेत. पहिली म्हणजे तरंगतं हॉटेल, आठवडाभर एकाच खोलीत, बॅग एकदाच उघडायची, रात्री जहाज चालतं, सकाळी नवं गाव. ॲमस्टरडॅम ते बाझेल हा ऱ्हाईनचा रूट, पासाउ किंवा व्हिएन्ना ते बुडापेस्ट हा डॅन्यूबचा. हे समुद्रातल्या क्रूझसारखं नसतं, स्विमिंग पूल, कॅसिनो, बारा मजले वगैरे विसरा. लॉकची रुंदी १२ मीटर असते म्हणून जहाज साडेअकरा मीटरच्या आतच बसवतात, लांबी जास्तीत जास्त १३५ मीटर, माणसं दीडशे ते पावणेदोनशे, त्यात निम्मे रिटायर झालेले अमेरिकन नि जर्मन. शांत असतं. ज्याला गोंधळ पाहिजे त्यानं गोव्याला जावं.

ही पद्धत घेणार असाल तर बुक करायच्या आधी एजंटला चार प्रश्न विचारायचे, आणि उत्तर फोनवर नको, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी. पाणी कमी पडलं तर काय करणार, कंपनीची त्याच रूटवर उलट्या बाजूनं येणारी जोड जहाजं आहेत का म्हणजे निदान अदलाबदल होईल, नाहीतर हॉटेलात ठेवून रोज बसनं हिंडवतात. किती रात्री जहाज हललं नाही तर पैसे परत, काही परत आहेत का. खोली कुठल्या मजल्यावर, कारण सगळ्यात खालच्या मजल्याची खिडकी पाण्याला टेकलेली आणि बंद असते, उघडत नाही, आणि मागच्या टोकाला इंजिनचा आवाज असतो. ‘फ्रेंच बाल्कनी’ लिहिलेलं असलं तर हुरळून जाऊ नका, ती बाल्कनी नसतेच, मोठं काचेचं दार आणि पुढं कठडा, खुर्ची बाहेर टाकता येत नाही. चौथा प्रश्न म्हणजे लिफ्ट कुठवर जाते. बऱ्याच जहाजांत वरच्या उघड्या डेकवर आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर लिफ्ट जात नाही. शिवाय धक्क्यावर जागा कमी असली की दोन-तीन जहाजं शेजारी शेजारी बांधतात, मग आपल्या जहाजात जायला दुसऱ्याच्या जहाजातून, कधी त्याच्या छतावरून जिने चढून उतरून जावं लागतं. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असलं तर हे आधी कळलेलं बरं. जहाजावर डॉक्टर बहुतेक नसतो, किनारा जवळच असतो म्हणून. बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट न्यायच्या, आणि दोन बॅगांत वाटून.

खर्च म्हणाल तर चांगल्या कंपनीचं आठवड्याचं तिकीट माणशी दीड-दोन हजार युरोच्या खाली मिळणं अवघड, वर विमान वेगळं, टिप वेगळी, बाहेरच्या सहली कधी आत कधी वेगळ्या. एकटा माणूस असेल तर खोलीचे जवळपास दुप्पट. इथल्या टूरवाल्याकडनं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर कापतात, त्याचे दर बजेटमधे बदलत राहतात म्हणून आकडा देत नाही, पण तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, सीएला पावती द्यायला विसरू नका. आमच्या यार्डातल्या एकानं दोन वर्षं पावती ड्रॉवरात ठेवली होती.

दुसरी पद्धत, जी मी आता सगळ्यांना सांगतो. हॉटेल किनाऱ्यावर, बोट दिवसाची, परत यायला रेल्वे. मधल्या ऱ्हाईनवर, म्हणजे जो भाग २००२ ला युनेस्कोच्या यादीत आला, तिथं एप्रिल ते ऑक्टोबर आपल्या एसटीसारख्या बोटी चालतात, थांबे ठरलेले, टाईमटेबल ठरलेलं, जुनी कंपनी केडी, १८२६ पासूनची. एका थांब्याला चढायचं, दुसऱ्याला उतरायचं, गाव हिंडायचं, पुढची बोट पकडायची. या बोटी मोठ्या जहाजांएवढ्या खोल बुडत नाहीत, त्यामुळं पाणी थोडं कमी असलं तरी बहुतेक चालू असतात. आणि समजा बंदच झाली तर तुमचं एका दिवसाचं तिकीट गेलं, आठवडा नाही.

आता जरा नीट सांगतो कारण इथंच लोक चुकतात. बोट रुडेसहाइमला पकडा आणि सांक्ट गोआरला उतरा, खालच्या दिशेनं, प्रवाहाबरोबर. दोनेक तास लागतात. तेच उलट चढणीला गेलात तर तासभर तरी जास्त, कारण ऱ्हाईनला ओढ लई आहे. टाईमटेबलमधे दोन तक्ते असतात, टालफार्ट म्हणजे उतरणीचा आणि बेर्गफार्ट म्हणजे चढणीचा. आम्ही पहिल्या दिवशी चुकून बेर्गफार्टच्या तक्त्यात वेळ बघून धक्क्यावर गेलो आणि बोट डोळ्यांदेखत गेली. आता तुम्हाला कोणाला घाई नसेल, पुस्तक-बिस्तक घेऊन बसायचं असेल तर चढणीनंच जा, त्याच तिकिटाच्या आसपास तासभर जास्त नदी मिळते, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

बसायचं कुठं? वरच्या डेकवर, पुढं. उतरणीला जाताना सुरवातीला डाव्या हाताला नजर ठेवा, राईनस्टाइन, रायखेनस्टाइन, झोनेक असे किल्ले एकामागं एक डावीकडं येतात, मग बाखाराख गाव नि त्याच्यावरचा श्टालेक. काउब आलं की उजवीकडं वळा, नदीच्या मधोमध पांढरा किल्ला उभा आहे जहाजासारखा, टोल गोळा करायला बांधलेला, वर डोंगरावर त्याचा जोडीदार, दोघं मिळून व्यापाऱ्याला अडवायचे. आमच्या आईनं विचारलं, “म्हणजे जकात नाका का रे?” हो, जकात नाकाच. हे सगळे किल्ले बघून आपल्या माणसाची एक फसगत होते, आपण प्रतापगड, अजिंक्यतारा बघितलेले, आपल्याला वाटतं किल्ला म्हणजे डोंगरभर. हे छोटे असतात, वाड्यापेक्षा थोडे मोठे, बरेचसे १९ व्या शतकात नव्यानं बांधून काढलेले. पण संख्येनं चाळीसच्या आसपास, दहा मिनिटं रिकामी जात नाहीत.

पुढं उजव्या हाताला लोरेलायचा कडा, १३२ मीटर, नदी तिथं आकसते आणि वळते. स्पीकरवर गाणं लावतात, सगळे मोबाईल वर करतात. खरं सांगायचं तर नुसता कडा बघितला तर आपल्याला काय विशेष वाटणार नाही, घाटात राहणारी माणसं आपण. तिथं बघायचं ते पाणी. एवढी वेळ गुळगुळीत असलेली नदी तिथं एकदम भोवरे घालायला लागते, मालाची लांबच लांब बार्ज त्या वळणावर तिरकी होऊन घसरत येते, समोरच्याला वळणापलीकडचं दिसत नाही म्हणून किनाऱ्यावर दिव्यांचे सिग्नल लावलेत. काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत, कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेल्या, लोरेलाय साधारण ५५४ ला. पाटी वाचत गेलात तर मॅप बघायची गरज नाही. माझी आई वर डेकवर अंगावर शाल, डोक्यावर माझी माकडटोपी अशी बसलेली, मे महिना असून वारं असं की दात वाजत होते, आणि काठाकडं बघून म्हणाली, “अर्धा पुरुष पाणी उतरलंय बघ हितलं, दगडावर रेघ ओली हाय.” नंतर मोबाईलवर बघितलं, खरंच दोन दिवसांत काउब उतरला होता. तर सांगायचं काय की मे असला तरी जाड स्वेटर आणि वारं अडवणारं जाकीट पाहिजेच.

परत यायला रेल्वे. नदीच्या दोन्ही काठांनी लोहमार्ग आहे, डावीकडं माइन्झ-बिंगेन-बाखाराख-सांक्ट गोआर-कोब्लेन्झ, उजवीकडं रुडेसहाइम-काउब-सांक्ट गोआर्सहाउझेन. लक्षात ठेवायचं म्हणजे माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत नदीवर एक पण पूल नाही. हॉटेल एका काठाला आणि गाडी दुसऱ्या काठाला असं झालं तर फेरीनं पलीकडं जायचं, गाड्या-माणसं सगळी घेऊन जाते, पाच-सात मिनिटं. रात्री ती बंद होते, तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ दुपारीच बघून ठेवा. राहायला बाखाराख किंवा बिंगेन घ्या, गाड्यांचं सोपं पडतं, रुडेसहाइमला गर्दी नि भाव दोन्ही जास्त. हॉटेलच्या रिव्ह्यूमधे लोक रडतात की रात्रभर मालगाड्यांचा आवाज येतो. येतो, दोन्ही काठांनी येतो. मिरजेत जंक्शनजवळ राहणाऱ्याला काय वाटणार नाही, बाकीच्यांनी मागच्या बाजूची, डोंगराकडची खोली मागून घ्या.

जर डॅन्यूबच करायची असेल तर तीच पद्धत वाखाऊ खोऱ्यात चालते, ऑस्ट्रियात मेल्क ते क्रेम्स, साधारण ३५ किलोमीटर, व्हिएन्नाहून रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मेल्कचा मोठा मठ, मधी ड्युर्नस्टाइन जिथं इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या शेवटी कैदेत होता, आणि जर्दाळूच्या बागा. फक्त व्हिएन्नाचं एक सांगतो, मोठी जहाजं थांबतात ती मुख्य नदीवर राइशब्रुके पुलापाशी, ती गावाच्या मधे नाही, मेट्रोनं आत जावं लागतं. बुडापेस्टला मात्र जहाज ऐन मधे लागतं, रात्री दिवे लागल्यावर तासाभराची साधी फेरी मारली तरी चालते, त्यासाठी आठवड्याची क्रूझ नको.

व्हिसा. हा विषय लोक शेवटी ठेवतात आणि तिथंच ट्रिप मोडते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो त्या एका व्हिसासाठी, जायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहायचं नाही, मे साठी अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीतच शोधायला लागा, पुणे नाहीतर मुंबईच्या सेंटरला. स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे देतात, ते ५९ महिने चालतात म्हणजे पाच वर्षांत परत गेलात तर बहुतेक द्यावे लागत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या पोरांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही, ९० म्हणजे नऊ हजाराच्या आसपास धरा आणि वर सेंटरचा चार्ज. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा. त्या इन्शुरन्सवाल्याला विचारा पाणी कमी झालं तर ट्रिपचे पैसे देतोस का, तो बहुतेक नाहीच म्हणेल, पण विचारा.

बोटीवाल्यांची वेगळी अडचण ही की अर्ज कुठल्या देशाकडं करायचा. नियम असा की ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडं. क्रूझ रात्रीत देश बदलतं, मग कागद घेऊन बसा आणि कुठली रात्र कुठल्या देशात हे मोजा, विमानाच्या आधीची आणि नंतरची हॉटेलं पण धरून. समान आल्या तर जिथं पहिल्यांदा उतरणार तो देश. ॲमस्टरडॅम-बाझेल केलं तर नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड सगळे शेंगेनमधेच आहेत, एकच व्हिसा पुरतो. पण डॅन्यूबवर बुडापेस्टच्या खाली गेलात की सर्बिया लागतो, तो शेंगेनमधे नाही. चालू शेंगेन व्हिसावर आपल्याला सर्बियात जाता येतं, पण परत आत यायला मल्टिपल एंट्री पाहिजे. सिंगल मिळाली असेल तर बेलग्रेडनंतर तुमचं जहाज पुढं आणि तुम्ही मागं.

कागद म्हणजे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर जीएसटीचे कागद. शेतकरी माणसाला वाटतं आपल्याला कोण व्हिसा देणार, तसं काय नाही, सातबारा, कारखान्याच्या ऊसबिलाच्या नोंदी, बेदाणा-हळदीच्या पट्ट्या, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून लावा आणि एका पानाचं साधं पत्र लिहा की मी एवढी शेती करतो, या तारखेला जातो, या तारखेला परत येतो. अचानक आदल्या आठवड्यात खात्यात कोणाकडनं तरी पाच लाख आणून टाकायचे नाहीत, ते लगेच दिसतं. आणि तिकडं उतरल्यावर आता शिक्क्याच्या जागी फोटो आणि ठसे घ्यायची नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केलीय, त्यामुळं विमानतळावर रांगेला वेळ धरा.

विमान मुंबई-फ्रँकफर्ट थेट आहे, आणि फ्रँकफर्टहून ऱ्हाईनचा पट्टा रेल्वेनं तास-सव्वातासावर. ज्या दिवशी उतरणार त्याच दिवशीचं जहाज धरायचं नाही, मधी एक रात्र ठेवा. तीच गोष्ट इकडं, सांगलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून सकाळी मुंबईत विमान असं करू नका, पुण्यापुढं ट्रॅफिकचं कोण सांगू शकत नाही. आदल्या दिवशी जा.

खायचं. युरोपात बाहेरनं मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, तूप, बासुंदी सगळं विमानतळावर जप्त. आंबा पण नाही. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या याला कोण काय म्हणत नाही. आमच्या भडंगाची दोन किलोची पिशवी बोटीवर एका जर्मन आजोबांनी निम्मी केली. शाकाहारी असाल तर तिकडं फसवणारी गोष्ट म्हणजे त्स्वीबेलकुखन, नावाचा अर्थ कांद्याचा केक, दिसतो पण तसाच, पण आत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. फ्लामकुखन पण तसंच, पातळ पिझ्झ्यासारखं, शाकाहारी वेगळं सांगून करून देतात. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ एवढं पाठ करा. मे-जूनमधे पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, बटाट्याबरोबर देतात, आईला ते लई आवडलं. मोठ्या जहाजावर मात्र शाकाहारी आहे हे बुकिंगलाच लिहून द्या, नाहीतर आठ दिवस तीच मश्रूमची भाजी.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच पाणी-फळं घेऊन ठेवा. पाणी नळाचं चालतं, आणि बाटली विकत घेतलीच तर फेकू नका, २५ सेंट परत मिळतात. कार्ड सगळीकडं चालतं म्हणतात पण फेरीवर, छोट्या टपरीवर आणि मुख्य म्हणजे संडासला सुट्टी नाणी लागतात, ५० सेंट, एक युरो. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खिशात कायम सात-आठ नाणी खुळखुळत ठेवा.

यावरनं आमच्यात भांडण झालं होतं. रेल्वे कृष्णेच्या पुलावर आली की आई नाणं टाकते, तशी ती लोरेलायच्या पुढं कठड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला, दे म्हणाली. माझ्याकडं ५० सेंटची तीनच उरलेली आणि सांक्ट गोआरला उतरायला अजून वेळ होता. म्हटलं आई, हे संडासला लागतंय. तिनं माझ्याकडं असं बघितलं, मग कनवटीची पिशवी सोडली, आत सांगलीहून निघताना रिक्षावाल्यानं परत दिलेला एक रुपया होता, तो टाकला आणि हात जोडले.